परदेशात नर्स म्हणून जायचंय? मराठवाड्यातून येणारे नोंदणीचे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) इथेच केलं, पुढे पोस्ट बेसिक बीएससी (जीएनएमनंतरची दोन वर्षांची पदवी). सहा वर्षं सौदीत आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये वॉर्डावर काम केलं. गावी आले की ओट्यावर बसल्या बसल्या हा विषय निघतो, आणि फोन तर वर्षभर चालू असतात: नांदेडहून, परभणीहून, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या ज्युनियर सिस्टरांचे, बीडच्या एका ब्रदरच्या (पुरुष नर्सच्या) वडिलांचे. बहुतेकांची अडचण एकच असते. तिकडचा अर्ज भरायला घेतलेला असतो आणि इकडचे कागद अर्धवट असतात. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून काढले. फी आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी त्या त्या कौन्सिलचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

नोकरीचं पत्र आलंय, व्हिसाही होईल म्हणतात. मग वेगळी नोंदणी कशाला?

व्हिसा तुम्हाला त्या देशात शिरू देतो. पेशंटला हात लावायची परवानगी तिथलं नर्सिंग कौन्सिल किंवा आरोग्य खातं देतं. ही नोंदणी तुमच्या नावावर असते, हॉस्पिटलच्या किंवा एजंटच्या नव्हे. हॉस्पिटल बदललं तरी ती तुमच्याबरोबर येते, आणि खोट्या कागदामुळे ती गेली तर नुकसानही तुमचंच होतं. म्हणून अर्जाचं लॉगिन, पासवर्ड आणि ईमेल स्वतःच्या हातात ठेवा. एजंटने त्याच्या ईमेलवरून खातं उघडलं असेल तर आजच बदलून घ्या. कौन्सिलची पत्रं त्याच ईमेलवर येतात, आणि महिनोन्महिने उत्तर न दिल्याने अर्ज बंद पडलेले मी पाहिलेत.

एएनएम, जीएनएम, बीएससी: कुणाला कुठे वाव आहे?

एएनएम या सहायक नर्सच्या कोर्सवर 'रजिस्टर्ड नर्स' म्हणून परदेशात नोंदणी जवळपास कुठेच होत नाही. हे ऐकून मुली नाराज होतात, पण कुणी आशा लावून पैसे घेण्याआधी समजलेलं बरं. जायचंच असेल तर आधी जीएनएम करा.

जीएनएमला ब्रिटन, आयर्लंड आणि आखाती देश मोकळे आहेत. सौदीत मात्र वर्गवारी पदवीवर ठरते: बीएससी असेल तर 'स्पेशालिस्ट', डिप्लोमा असेल तर 'टेक्निशियन'. पगार आणि पुढची वाट दोन्ही त्यावरच. ऑस्ट्रेलिया पदवीच्या तोडीचं शिक्षण मागतं, तिथे नुसत्या जीएनएमवर अडतं. पोस्ट बेसिकची दोन वर्षं वाया जातात का, असं विचारतात. मला तरी ती कामी आली.

इकडची कोणती नोंदणी आधी पूर्ण हवी?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, आणि ती चालू स्थितीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे (नर्सिंगच्या सतत शिक्षणाचे) क्रेडिट लागतात. कार्यशाळेची प्रमाणपत्रं फेकू नका. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या एनआरटीएस या नर्स नोंदणीच्या प्रणालीतून मिळणारा एनयूआयडी हा तुमचा ओळख क्रमांकही काढून ठेवा.

त्यानंतरचा कागद म्हणजे 'गुड स्टँडिंग' किंवा पडताळणी. तुमची नोंदणी खरी आहे, चालू आहे, तुमच्यावर कारवाई झालेली नाही, असं आपलं कौन्सिल परदेशी कौन्सिलला थेट कळवतं. तुम्ही हातात नेलेली झेरॉक्स त्यासाठी चालत नाही. बीएससीचा ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून मिळतो, जीएनएमचा तुमची परीक्षा ज्या मंडळाने घेतली तिथून. विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास त्यात हवेत. ब्रदर लोकांनी प्रसूती विभागातले तास नीट नोंदलेत का, हे खास बघावं. अमेरिकेतली काही राज्यं तिथेच बोट ठेवतात.

एक घोटाळा नेहमी होतो. आपलं 'एमएनसी' (महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल) वेगळं आणि ब्रिटनचं 'एनएमसी' (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) वेगळं. फोनवर बोलताना पूर्ण नाव घ्या.

मी उदगीरची, पण जीएनएम बीदरला केलं. आता महाराष्ट्रात नोकरी आहे. पडताळणी कुणाकडून घ्यायची?

दोन्हीकडून. शिकून पहिली नोंदणी कर्नाटकात झाली असेल तर ते कौन्सिल तुमचं मूळ. नंतर महाराष्ट्रात नोंदणी घेतली असेल तर तेही. परदेशी अर्जात आजवर जिथे जिथे नोंदणी झाली ते सगळं विचारतात, आणि एक लपवली तर तीच पुढे आडवी येते. सीमाभागातल्या आपल्या मुलींनी हे आधीच धरून चालावं, कारण दोन कौन्सिलांचा पत्रव्यवहार म्हणजे वेळही दुप्पट.

पासपोर्टवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. चालेल का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आपल्याकडचे निम्मे अर्ज इथेच रखडतात.

आपली नावं लिहायची रीतच तिकडच्या फॉर्मला उमगत नाही. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. कुठे 'बाई' जोडलेलं, कुठे गाळलेलं. कुठे स्पेलिंगमध्ये एक 'ए', कुठे दोन. आपल्याला ती एकच बाई दिसते, पण तिकडे बसून फाइल बघणाऱ्याला त्या तीन बायका दिसतात.

माझ्याच बाबतीत झालं. नोंदणी प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्ट लग्नानंतरचा, आणि एका अनुभवपत्रावर दोन्हींची खिचडी. चार महिने गेले. त्या काळात हातातली एक जागा सुटली.

काय करायचं ते सांगते. लग्न ठरायचं असेल आणि अर्ज चालू असेल, तर नोंदणी होईपर्यंत नाव बदलू नका. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सासूबाईंना हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा. नाव आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी, हे दोन्ही हवेत. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. मग तोच बदल नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत करून घ्या आणि पासपोर्ट त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. स्टॅम्पपेपरवरचं 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' हे प्रतिज्ञापत्र जोडीला असू द्या, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

मार्कशीटवर औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर. बाहेरचे लोक गोंधळतील?

गोंधळू शकतात. धाराशिवच्या मुलींनाही हेच. शहरांची नावं फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि जिल्ह्यांची सप्टेंबर २०२३ मध्ये बदलली, त्यामुळे जुना कागद चुकीचा ठरत नाही. तो बदलायच्या मागे लागू नका. अर्जात जन्मस्थळ मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा, आणि एका ओळीत खुलासा जोडा.

तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलमधला अनुभव धरतात का? डेटाफ्लो म्हणजे नेमकं काय?

धरतात, पण तो सिद्ध करता आला पाहिजे. डेटाफ्लो ही पडताळणी करणारी कंपनी आहे. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार इथली आरोग्य खाती तिच्याकडून तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव थेट मुळाशी जाऊन तपासून घेतात. म्हणजे तुम्ही दिलेलं अनुभवपत्र त्या हॉस्पिटललाच पाठवून विचारतात: ही तुमच्याकडे होती का, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर?

आता आपल्याकडचं चित्र बघा. वीस खाटांचं हॉस्पिटल. डॉक्टरसाहेब ओपीडीत, मॅनेजर सहा महिन्यांनी बदलतो, ईमेल कुणी उघडत नाही. बाहेरून आलेलं इंग्रजी पत्र जाहिरात समजून पुसून टाकतात. उत्तर गेलं नाही की अहवालात 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा येतो आणि दोन वर्षांची राबणूक कागदावर शून्य होते. माझ्या एका मैत्रिणीचं हॉस्पिटलच बंद पडलं होतं. तिने जुन्या डॉक्टरांना घरी गाठलं, पगाराचे बँकेतले व्यवहार आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जोडल्या, तेव्हा कुठे मार्ग निघाला.

म्हणून नोकरी सोडतानाच पत्र पक्कं करा. लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद 'स्टाफ नर्स', पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणता विभाग, एकूण खाटा, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, हॉस्पिटलचा ईमेल आणि फोन. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली असलेला हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांकही टाकून घ्या. अर्ज केल्यावर पेढे नाही तर निदान चहाला म्हणून तिथे जा आणि सांगून ठेवा की असं पत्र येणार आहे, तेवढं उत्तर द्या. हा एक फेरा बाकी दहा हेलपाटे वाचवतो.

रोखीत पगार घेत असाल तर आजपासून बँकेत घ्यायला लागा.

आणि वाढीव अनुभवाचं पत्र? 'एक वर्षाचं दोन वर्षं लिहून देतो' म्हणणारे आपल्याच माणसांतले असतात. नका घेऊ. बनावट कागदाचा शेरा एकदा आला की दुसऱ्या देशातल्या अर्जातही तो तुम्हाला सांगावा लागतो.

आखातात परीक्षा कोणती?

एकच अशी नाही. दुबईसाठी तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची (डीएचए), अबुधाबीसाठी तिथल्या आरोग्य विभागाची (डीओएच), शारजा-अजमानकडच्या अमिरातींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची. तिघांचे परवाने वेगळे. सौदीत एससीएफएचएस या तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या आयोगाची नोंदणी 'मुमारिस प्लस' पोर्टलवरून होते आणि परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर. प्रश्न बहुपर्यायी असतात. वॉर्डावर काम केलेल्या मुलीला विषय जड नाही, पण औषधांच्या मात्रेची गणितं रोज सोडवा. कामात दोन वर्षांहून मोठा खंड असेल तर आधी पुन्हा कामाला लागा आणि मगच अर्ज करा.

सरकारी शिक्क्यांचं काम वेगळंच असतं. अमिराती, कतार, कुवेत यांना नुसतं अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय शिक्का) पुरत नाही. प्रमाणपत्र आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाकडून साक्षांकित करावं लागतं.

ब्रिटनचा रस्ता कसा आहे?

इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी (संगणकावरची परीक्षा), मग नोकरी आणि व्हिसा, मग तिथे पोचून ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). पाहायला चार पायऱ्या.

सीबीटी भारतातच संगणकावर होते. पहिला भाग गणिताचा, १५ प्रश्न, अर्धा तास. दुसरा नर्सिंगचा, १०० प्रश्न, अडीच तास. ऑस्की मात्र तिकडेच. दहा स्थानकं असतात: चार नर्सिंग प्रोसेसची (तपासणी, नियोजन, कृती, मूल्यमापन), चार कौशल्यांची, दोन लेखी. कामावर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. एका अर्जावर तीनच प्रयत्न मिळतात.

आपल्या मुली ऑस्कीत हाताने चुकत नाहीत. सलाइन लावण्यात, ड्रेसिंगमध्ये त्यांचा हात तिकडच्यांपेक्षा चलाख असतो, कारण आपण रात्रपाळीला एकटीने चाळीस खाटा सांभाळलेल्या असतात. चुकतात त्या तोंडाने. पेशंटला स्वतःचं नाव सांगायचं, त्याचं नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटाच्या पट्टीशी ताडायची, ॲलर्जी विचारायची, हात लावण्याआधी परवानगी घ्यायची, आणि प्रत्येक कृती करताना मोठ्याने बोलायची. आपल्याकडे एवढ्या गर्दीत हे सुटून जातं आणि तेच अंगवळणी पडतं. तर उद्याच्या ड्यूटीपासूनच मराठीत सुरू करा. 'मावशी, मी सिस्टर अमुक, तुमचा बीपी बघू का?' हे रोज म्हणालात की परीक्षेत फक्त भाषा बदलायची राहते.

२०२४ पासून ब्रिटनमधली परदेशी नर्सची भरती बरीच आटली आहे, हेही खरं. सीबीटीचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून जागांचा अंदाज घेऊन परीक्षा द्या.

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठीतून. इंग्रजी जमेल का? नर्सिंग इंग्रजीतूनच झालंय, ते पत्र चालणार नाही का?

आधी पत्राचं. भारतातलं नर्सिंग इंग्रजीतून झालं असलं तरी ब्रिटनसाठी तेवढ्याने भागत नाही. परीक्षा द्यावीच लागते. आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत तीन विभागांत बी आणि लेखनात सी प्लस. दोन वेळचे निकाल जोडता येतात, पण बारा महिन्यांच्या आत दिलेले आणि ठरलेल्या किमान गुणांच्या खाली न गेलेले.

आता जमेल का याचं. मीही कौलारू शाळेतलीच. पहिल्यांदा लेखनात ६ आले. मला ओईटी सोपी गेली, कारण तिच्यात पेशंट, नातेवाईक, डिस्चार्जचं पत्र हेच असतं. आयईएलटीएसमध्ये शहरांच्या वाहतुकीवर निबंध लिहा म्हणतात. ओईटीची फी मात्र जास्त आहे. घरातली परिस्थिती ओढगस्तीची असेल तर आधी सहा महिने तयारी, मग फी. क्लासवाल्याची तारीख पाळू नका, स्वतःची पाळा.

'आधी केअर असिस्टंट म्हणून जा, तिकडे गेल्यावर नर्स व्हाल' असं सांगतात.

ब्रिटनसाठी हे सांगणारा आता सरळ खोटं बोलतोय. केअर वर्करच्या जागांसाठी बाहेरच्या देशांतून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली. याआधी गेलेल्या कितीतरी नर्स वृद्धाश्रमांत अडकल्या, नोंदणीची तयारी करायला वेळच उरला नाही.

अमेरिका?

एनक्लेक्स-आरएन ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. केंद्रं मुंबईलाही आहेत आणि हैदराबादलाही. देवगिरी एक्स्प्रेसने दोन्हीकडे जाता येतं, नांदेडकरांना हैदराबाद जवळचं. त्याआधी एखाद्या राज्याच्या बोर्डाकडे अर्ज आणि कागदांची छाननी, पुढे व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारं शिक्षण, परवाना आणि इंग्रजीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र). परीक्षा अवघड असली तरी होते. खरी अडचण ग्रीन कार्डाच्या रांगेची आहे: भारतात जन्मलेल्यांसाठी ती दहा वर्षांहून लांब आहे. 'दोन वर्षांत अमेरिका' म्हणणाऱ्या जाहिरातीला हा आकडा विचारा. एनक्लेक्सचा उपयोग ऑस्ट्रेलियासाठीही होतो, तिथल्या मूल्यमापनात लेखी परीक्षा हीच आहे आणि नंतर ऑस्ट्रेलियात जाऊन ऑस्की.

आयर्लंड आणि जर्मनीबद्दल थोडक्यात सांगा.

आयर्लंडचं कौन्सिल कागद तपासून निर्णयपत्र देतं. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये काही आठवडे ॲडाप्टेशन (देखरेखीखाली काम) किंवा ॲप्टिट्यूड टेस्ट (क्षमता चाचणी), दोन्हींतलं एक.

जर्मनीत सगळं भाषेवर. मान्यतेसाठी बहुतेक राज्यांत जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते, आणि ती येईपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. तुमचं शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून कमी पडलेल्या भागाचं पत्र देतात. तो भाग परीक्षेने किंवा प्रशिक्षणाने भरून काढायचा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगाव जर्मनच्या क्लासच्या पाट्या लागल्यात. क्लास लावण्याआधी परीक्षा कोण घेणार हे विचारा. पुण्याच्या मॅक्समुलर भवनात होणारी परीक्षा सगळीकडे मानतात. गल्लीतल्या क्लासचं प्रमाणपत्र तिकडे कुणी बघत नाही.

एजंट सहा लाख मागतोय. वडील दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत.

नका टाकू. वडिलांना माझा नंबर द्या, मी बोलते.

भारतातला परवानाधारक भरती एजंट कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावतीसह. सहा लाखांना कसलाही आधार नाही. परीक्षांची, पडताळणीची फी वेगळी असते, पण ती तुम्ही स्वतः त्या संस्थेला भरता आणि तिची पावती तुमच्या नावावर येते. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवाना मुंबईच्या ऑफिसचा आणि पैसे घेणारा चौकातला 'सब-एजंट', असं असेल तर उठून या.

आखातासह एकूण १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सला, पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असो वा नसो, एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जाण्याची भारत सरकारची परवानगी) लागतो. २०१५ पासूनचा हा नियम आहे. 'व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे बदलून देतो' याचा अर्थ तो क्लिअरन्स टाळतोय, आणि उद्या पगार अडकला तर दूतावासात तुमची नोंदच नसेल. क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय विमा निघतो: दहा लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर.

मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतलीत. बाँड संपायचाय.

मूळ कागद तुमचे. पगाराचा, नोटिशीचा वाद असेल तर तो वेगळा सोडवा, पण कागद परत मागणारं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी मागत बसू नका. यापुढे रुजू होताना मूळ दाखवायचे, झेरॉक्स द्यायच्या. माझे कागद एका ठिकाणी अकरा महिने कपाटात होते, त्या काळात पासपोर्टचाही अर्ज करता आला नाही.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. राजीनामा द्यावा लागेल?

पासपोर्टसाठी कार्यालयाला पूर्वसूचना किंवा ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि बाहेर नोकरीसाठी परवानगी. इंग्रजीची परीक्षा आणि कागदांची पडताळणी नोकरीत राहूनच करा. कायम नोकरी सोडायचा निर्णय नोंदणीचं पत्र हातात आल्यावर घ्या. घरात कमावणारी तुम्ही एकटी असाल तर अगदी शेवटी.

एकदा तिकडे नोंदणी झाली की इकडची सोडून दिली तर चालेल?

मी सौदीत असताना हेच केलं होतं. महाराष्ट्राची नोंदणी संपली, लक्षच दिलं नाही. ब्रिटनला अर्ज करताना त्यांनी सौदीकडूनही पडताळणी मागितली आणि महाराष्ट्राकडूनही. इकडची खपलेली. सुटी काढून मुंबईला यावं लागलं, आधी नूतनीकरण, मग पडताळणी. संपायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, सहा महिने आधीची. आणि गावाकडच्या पत्त्यावर कौन्सिलचं पत्र आलं तर ते कपाटात न ठेवता फोटो काढून पाठवायचं, एवढं धाकट्या भावाला शिकवून जा.